शिक्षकांच्या मोर्च्यात आपण पालक काहून नाही?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात याच पानावर एका वाचकाचं पत्र आलं होतं, की शिक्षकांना पगार भरपूर, सुट्ट्या भरपूर, तरी हे लोक जेव्हा पाहा तेव्हा मोर्चे काढून राहिले आणि पोरांचं नुकसान करून राहिले. मी ते पत्र दोनदा वाचलं. त्या वाचकावर राग नाही माझा, कारण दहा-बारा वर्षांपूर्वी मीसुद्धा हेच बोलत होतो, दुकानात बसून, मोठ्या आवाजात. आता तसं बोलवत नाही. का बोलवत नाही ते लिहायला बसलो आहे, पत्र जरा लांब होईल, पण जमलं तर कापू नका.

सीताबर्डीत माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं छोटं दुकान आहे, सव्वीस वर्षं झाली. हिवाळी अधिवेशन लागलं की आमच्या भागात काय होते ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको. यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेज टी-पॉइंट, टेकडी रोड, जिकडे पाहा तिकडे बॅरिकेड आणि पोलिसांच्या गाड्या, आणि त्या दिवसांत माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा राहत नाही कारण मोर्चा कोणाचाही असो, निवेदन लागतेच. मुख्यमंत्र्यांना एक, खात्याच्या मंत्र्यांना एक, विरोधी पक्षनेत्यांना एक, वर पोचपावतीची कॉपी. अंगणवाडीच्या ताई, आशा वर्कर, कोतवाल, गोसीखुर्द धरणाचे प्रकल्पग्रस्त, सगळ्यांची निवेदनं मी टाईप केली आहेत. पण सगळ्यात जास्त शिक्षकांची. आणि टाईप करणारा माणूस नुसता टाईप करत नाही, तो वाचतोही. शिक्षण विभागाचे जीआर मी इतके छापले की तारखा पाठ झाल्या.

झिरो माइलजवळच गोवारी स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ला गोवारींच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले, त्यात बाया आणि लेकरंच जास्त होती. मी तेव्हा कॉलेजात होतो. म्हणून मोर्चा म्हणजे लोकांचा टाइमपास असं कोणी म्हटलं की माझ्याच्यानं ऐकवत नाही. माणूस दोनशे किलोमीटरवरून डब्बा बांधून येतो तेव्हा त्याचं घरी काही तरी अडलेलं असते.

आता मुद्द्यावर येतो. १५ मार्च २०२४चा संचमान्यतेचा जीआर. हा शब्द ऐकला की सामान्य माणसाचं लक्ष उडते, माझंही उडत होतं. संचमान्यता म्हणजे काय तर कोणत्या शाळेत किती पोरं आणि त्या हिशेबानं किती मास्तर मंजूर, ते दरवर्षी ठरवणारा कागद. त्या कागदावर पद नसलं की त्या पदावरचा शिक्षक अतिरिक्त ठरतो, मग त्याचं समायोजन होते, म्हणजे जिथं जागा रिकामी असेल तिथं त्याला पाठवतात. शिक्षकाची नोकरी जात नाही, पगार जात नाही. म्हणून बाहेरच्या माणसाला वाटते की मग हे बोंबलून काहून राहिले? मलाही तसंच वाटलं होतं, ते माझ्या गावच्या शाळेवर आलं तोपर्यंत.

माझं गाव कुही तालुक्यात आहे. नाव लिहीत नाही, तिथल्या गुरुजींना माझ्या पत्रापायी त्रास नको. जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते सातवी. मी तिथंच शिकलो, तेव्हा एका वर्गात चाळीस-पन्नास पोरं असायची आणि व्हरांड्यातही वर्ग भरायचा. नंतर गोसीखुर्दचं पाणी आलं, आजूबाजूची गावं उठली, पुनर्वसनात गेली, आमचं गाव राहिलं पण शिवार तुटलं, बाजार तुटला, ज्याला जमलं तो बुटीबोरीला नाहीतर नागपूरला कामाला गेला आणि लेकरंही घेऊन गेला. ज्याच्याकडे थोडा पैसा आला त्यानं पोरगं व्हॅनमध्ये बसवून तालुक्याच्या कॉन्व्हेंटात टाकलं. पट असा कमी होत गेला. यात गुरुजींचा काय दोष होता, कोणी सांगावं मला.

माझ्या लहान भावाची पोरगी तिथं सहावीत होती. सहावी-सातवी मिळून रजिस्टरवर एकवीस पोरं. त्या नव्या जीआरप्रमाणे सहावी ते आठवीच्या गटात पट वीसच्या खाली गेला की नियमित शिक्षकाचं पद मिळत नाही. एकवीस म्हणजे वाचले असं सगळ्यांना वाटलं. पण संचमान्यतेला रजिस्टरवरची पोरं धरत नाहीत, आधार व्हॅलिड झालेली पोरं धरतात. दोघा बहीणभावांचं आधार जुळलं नाही. त्यांचे मायबाप वीटभट्टीवर काम करतात, आधारवर आडनाव एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. एकवीसचे एकोणीस झाले. गणित-विज्ञानाचे जे पदवीधर सर होते ते अतिरिक्त ठरले आणि दिवाळीनंतर दुसऱ्या तालुक्यात चालले गेले.

हे मी का एवढं बारीक सांगून राहिलो, तर माझ्या दुकानात आधार दुरुस्तीचे फॉर्म भरले जातात. रोज दहा-पंधरा. आडनावातली एक वेलांटी दुरुस्त करायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे. ते मायबाप जर माझ्याकडे आले असते, किंवा मला आधी समजलं असतं की या एका वेलांटीवर माझ्या पुतणीचे गणिताचे सर टिकून आहेत, तर मी मोटरसायकलवर जाऊन त्यांना घेऊन आलो असतो. कोणी सांगितलं नाही. मुख्याध्यापकांनी पोर्टलवर पाच वेळा माहिती भरली, केंद्रप्रमुखांना सांगितलं, पण गावात दवंडी दिली नाही, पालकांची सभा घेतली नाही, कारण हे "ऑफिसचं काम" आहे असं त्यांना वाटलं. आणि आम्हालाही तसंच वाटत होतं.

दिवाळीनंतर गावी गेलो तर पुतणी म्हणते, "मोठेबाबा, आम्हाले गणित कोण शिकवन आता?" पूर्णांक संख्यांचा धडा अर्धा झाला होता. उणे पाच अधिक तीन कसे करायचे ते सरांनी पायऱ्यांवर उभं करून शिकवलं होतं, शाळेच्या पायरीवर, वर चढलं की अधिक आणि खाली उतरलं की उणे. पुढचं राहिलं. आता प्राथमिकच्या ज्या दोन बाई आहेत त्यांच्याकडे पहिली ते सातवी सातही वर्ग आहेत, त्यात पोषण आहाराचा हिशेब, त्यात ऑनलाईन माहिती, त्यात एका बाईंना बीएलओची, म्हणजे मतदार यादीच्या कामाची, ड्युटी. त्या बाई रडकुंडीला येतात पण शिकवणं सोडत नाहीत, हे मी डोळ्यानं पाहिलं आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१०पासून. त्याच्या परिशिष्टात स्पष्ट आहे की सहावी ते आठवीला प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक, आणि तो असा की विज्ञान-गणिताला एक, समाजशास्त्राला एक, भाषेला एक असलाच पाहिजे. तिथं वीस पोरं असली तरच असं कुठंही लिहिलेलं नाही. पहिली ते पाचवीला साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक. पोरं दोन असोत की साठ, दोन. कायदा करणाऱ्यांना माहीत होतं की या देशात लहान गावं आहेत, पाडे आहेत, तांडे आहेत, आणि तिथली पोरं मोजून कमीच भरणार. नंतर जीआर काढून तोच टेकू काढून घेतला. मला कायद्याचं शिक्षण नाही, पण दोन कागद शेजारी ठेवून वाचता येतात.

काही लोक म्हणतील, एवढ्या कमी पोरांसाठी शाळा ठेवायची कशाला, पोरं मोठ्या शाळेत न्या, बस लावा. हे नवीन नाही. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १३१४ शाळा बंद करायचं ठरलं होतं. मग वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची यादी निघाली, ती चौदा हजारांच्या वर गेली, आणि २०२३ मध्ये समूह शाळेची, म्हणजे लहान शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करायची, योजना आली, नंदुरबारचं तोरणमाळ आणि पुण्याचं पानशेत उदाहरण म्हणून दाखवलं. कागदावर छान दिसते ते, मोठी इमारत, लॅब, ग्राउंड. पण आमच्या गावापासून पुढची शाळा चार किलोमीटर आहे, मधे नाला आहे, पावसाळ्यात त्याच्या रपट्यावरून पाणी जाते तेव्हा एसटीसुद्धा थांबते. पोरगा जाईल सायकलनं. पोरीला कोण पाठवते? आमच्याकडे मिरचीचा सीझन आला की सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या जागी, मिरचीचे देठ तोडायला हात कमी पडतात, आणि शाळा दूर झाली की सहावीतल्या पोरीचा हात रिकामा आहे असं घरच्यांना वाटायला लागते. तिला शाळेतून कोणी काढत नाही, ती हळूहळू जाणं बंद करते. मग तिचं नाव पटावरून कमी होते आणि पट आणखी खाली येतो. दहा वर्षांत गावची शाळा अशीच संपते, आणि सरकार म्हणते पोरंच नव्हती म्हणून बंद केली.

म्हणून म्हणतो, हा जीआर मास्तरांचा प्रश्न नाहीच. मास्तर दुसऱ्या तालुक्यात जाऊन पगार घेईल. इथं राहते ते पोरगं.

तरी रस्त्यावर फक्त मास्तर उतरतात. ५ डिसेंबर २०२५ला राज्यभर शाळा बंद ठेवून शिक्षकांनी मोर्चे काढले, संचमान्यतेचा हा जीआर रद्द करा ही त्यातली मोठी मागणी होती, आणि एक दिवसाचा पगार कापायचं पत्र सरकारनं आधीच काढलं होतं. त्या दिवशी माझ्या दुकानात सकाळी सातपासून गर्दी. भिवापूर, उमरेड, पारशिवनी, देवलापार, कुठून कुठून आले होते लोक. एक मॅडम होत्या, पन्नाशीच्या, निवेदनाची कॉपी काढताना मला म्हणाल्या, "दादा, पगार कापला तर कापू द्या, पण माझ्या शाळेवर तीन वर्षांनी कोणीच नसणार." मी पैसे घेतले नाहीत त्यांचे. आणि मग बाहेर येऊन पाहिलं त्या गर्दीकडे, एक तरी पालक असेल तर शपथ. मीच नव्हतो गेलो, दुकान होतं ना.

टीईटीबद्दलही, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दलही, त्या मोर्च्यात मागणी होती. सुप्रीम कोर्टानं १ सप्टेंबर २०२५ला निकाल दिला की ज्यांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे त्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास करायची, नाहीतर नोकरी सोडायची. यावर माझं मत शिक्षकांना पूर्ण पटणार नाही. परीक्षा द्यायला लाज वाटायचं कारण नाही असं मला वाटते, पोरांची परीक्षा आपण रोजच घेतो. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जे नियम होते त्यात बसून जो माणूस लागला, त्याला आता पंचेचाळीसाव्या वर्षी नोकरीच्या टांगत्या तलवारीखाली बसवणं बरोबर नाही, आणि त्यातून जे लोक जातील त्यांच्या जागा भरणार की त्याही कापणार हे सरकारनं आधी लिहून द्यावं. ही माझी भीती आहे. जागा रिकामी झाली की ती भरायला किती वर्षं लागतात ते शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरच्या पोरापोरींना विचारा, डीएड-बीएड करून, भरतीची टेट परीक्षा देऊन, वय निघून चाललं आहे त्यांचं, त्यांचे फॉर्मही माझ्याच दुकानात भरतात ते.

आणि नागपूरकरांना शालार्थ आयडीचं, म्हणजे शिक्षकांचा पगार निघतो त्या ऑनलाईन नंबरचं, प्रकरण आठवत असेलच, २०२५ मध्ये आपल्याच विभागात उघड झालं, बोगस नेमणुका दाखवून पगार उचलले, अधिकारी अटकेत गेले, एसआयटी बसली. तेव्हापासून लोक म्हणायला लागले की सगळे मास्तर चोरच. मला ते ऐकून फार वाईट वाटलं, कारण त्याच काळात माझ्याकडे एक विनाअनुदानित शाळेचे सर येत होते. शाळा "कायम विनाअनुदानित", म्हणजे सरकारी अनुदान कधीच मिळणार नाही अशी, म्हणून सुरू झाली, २००९ मध्ये "कायम" हा शब्द निघाला, वीस टक्के अनुदानाची सुरुवात व्हायला २०१६ उजाडलं, आणि पुढचा टप्पा मिळावा म्हणून आझाद मैदानावर जाऊन बसायचं. सर दिवसा इतिहास शिकवत आणि रात्री एका लॉनवर लग्नात वाढायला जात. एकदा तिथं त्यांच्याच माजी विद्यार्थ्याच्या ताटात त्यांनी जिलेबी वाढली, तो पोरगा उठून पाया पडला, आणि सर मला हे सांगताना बोलायचे थांबले. ज्यांनी पैसे खाल्ले त्यांना कडक शिक्षा व्हावी, कोणत्याही संघटनेनं त्यांना पाठीशी घालू नये. पण खाल्लेला पैसा या सरांच्या वाट्याचा होता, ते लक्षात ठेवा.

आता संघटनांनाही बोलतो, कारण त्यांची बाजू घेऊन राहिलो म्हणून त्यांचं सगळंच बरोबर असं नाही. माझ्याकडे शिक्षक संघटनांचे इतके लेटरहेड सेव्ह आहेत की मोजायला बसलो तर तासभर जाईल. प्राथमिकची वेगळी, माध्यमिकची वेगळी, जुन्या पेन्शनची वेगळी, अनुदानितची वेगळी, विनाअनुदानितची वेगळी, मग त्यात फुटून निघालेली. एकाच दिवशी एकाच मंत्र्याला एकाच मागणीची चार निवेदनं मी टाईप केली आहेत, फक्त खालच्या सह्या वेगळ्या. मागण्यांच्या यादीत पहिली पगारश्रेणी, दुसरी पेन्शन, तिसरी मेडिकल बिलं, आणि पोरांच्या वर्गाला मास्तर पाहिजे हे अकराव्या नंबरवर. पेन्शनची मागणी चुकीची नाही. १ नोव्हेंबर २००५नंतर लागलेल्या माणसाला म्हातारपणी काय हातात येणार हा खरा प्रश्न आहे, आणि मार्च २०२३चा सात दिवसांचा संप त्याच्यासाठीच झाला. पण तो संप दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असताना झाला, पालकांच्या मनात ते बसलं, आणि संघटनांनी पालकांना समजवायला गावात एक सभाही घेतली नाही. नंतर पालक आले नाहीत म्हणून रुसायचं नाही मग.

आणखी एक, कडू आहे पण लिहितो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणाऱ्या कितीतरी गुरुजींची स्वतःची लेकरं कॉन्व्हेंटात आहेत. गावातला माणूस हे पाहतो. तो म्हणतो, ज्यांना स्वतःच्या शाळेवर भरोसा नाही त्यांच्यासाठी मी काहून रस्त्यावर येऊ? याला उत्तर भाषणानं देता येत नाही. ज्या गुरुजींनी आपलं लेकरू आपल्याच शाळेत ठेवलं, अशा दोन शाळा मला माहीत आहेत, तिथला पट वाढला आहे.

पण आपण पालक काय करून राहिलो? आपण तर ग्राहक झालो, फी भरली, रिझल्ट दे. सरकारी शाळा बंद पडली तर पडू दे, आपला पोरगा तिथं नाही ना. हे फार महाग पडणार आहे. गावची शाळा जिवंत असते तोपर्यंतच कॉन्व्हेंटवाल्याला फी वाढवताना थोडी भीती असते. आणि शिक्षणावर पैसा घालायचा तर कोठारी आयोगानं १९६६ मध्येच सांगितलं होतं की राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के घाला, २०२०च्या नव्या धोरणातही तोच सहाचा आकडा पुन्हा लिहिला, मधे चौपन्न वर्षं गेली. पोरांच्या ताटातलं अंडं पाहा, नोव्हेंबर २०२३ मध्ये पोषण आहारात आलं, २०२५च्या जानेवारीत सांगितलं की अंड्याला सरकारचा पैसा नाही, लोकसहभागातून द्या. आमच्या गावात कोणाचा सहभाग घ्यायचा? ज्यांची लेकरं त्या ताटावर बसतात त्यांच्याच घरी अंडं परवडत नाही.

आणि जोर लावला तर फरक पडतो हे मी कागदावर पाहिलं आहे. ५ सप्टेंबर २०२४ला, शिक्षक दिनालाच, जीआर निघाला की कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक मास्तर कंत्राटी, पंधरा हजारावर. २५ सप्टेंबरला राज्यभरातल्या शिक्षकांनी सामूहिक रजा टाकली, मोर्चे निघाले, पुढे तो निर्णय मागं घ्यावा लागला. त्याच वर्षी फेब्रुवारीत नियम बदलला होता की जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असली तर खासगी शाळेनं गरिबांच्या पंचवीस टक्के जागा द्यायची गरज नाही, तिथं पालक कोर्टात गेले, आणि १९ जुलै २०२४ला मुंबई हायकोर्टानं तो नियम रद्द केला. एकदा शिक्षक लढले, एकदा पालक लढले. दोघं मिळून एकदाही नाही.

आणखी एक गोष्ट फार लोकांना माहीत नाही. विधान परिषदेत शिक्षकांचे सात आमदार आहेत, पण जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाला त्या मतदारसंघात मतच नाही, राज्यघटनेच्या कलम १७१प्रमाणे माध्यमिकच्या खालच्या शाळेतल्या शिक्षकाला तो हक्क नाही. म्हणजे ज्या दोन बाई सात वर्ग सांभाळून राहिल्या त्यांच्यासाठी सभागृहात बोलणारा वेगळा कोणी नाही. मत आहे ते आपल्याकडे, गावातल्या मायबापांकडे. आणि शाळा व्यवस्थापन समिती कायद्यानं आपलीच आहे, पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या बाया. आमच्या गावची समिती वर्षानुवर्षं फक्त सह्यांपुरती होती, मुख्याध्यापक रजिस्टर घरी पाठवायचे, सही करून परत जायचं.

संक्रांतीच्या वेळी गावी गेलो तेव्हा समितीची सभा लावली. सभेला अठ्ठावीस बाया आणि सहा माणसं. मी जीआर वाचून दाखवला, अवघड शब्द सोपे करून. एकवीसचे एकोणीस कसे झाले ते सांगितलं तेव्हा मागं बसलेली वीटभट्टीवाली माय उठली आणि म्हणाली, "मले कोणी सांगतलं असतं तं म्या उपाशी राहून गेली असती आधार कराले." सगळे गप्प झाले. दुसऱ्याच दिवशी मी त्या दोघा लेकरांना घेऊन आधार केंद्रावर गेलो. आता दोघांचंही व्हॅलिड आहे. पद परत येईल की नाही ते पुढच्या संचमान्यतेत कळेल.

त्या सभेत ठराव झाला. आमच्या शाळेला सहावी-सातवीसाठी गणित-विज्ञानाचा शिक्षक परत द्यावा, शाळेतल्या दोन बाईंपैकी कोणालाही बीएलओचं काम देऊ नये, आणि पुढच्या अधिवेशनात शिक्षकांचा मोर्चा निघाला तर गावातून किमान दहा पालक जातील, भाडं ग्रामस्थ भरतील. मी दुकान बंद ठेवून जाणार आहे. मोर्च्याच्या पुढं कोणत्या संघटनेचा बॅनर असावा त्यावर भांडण होईल हे मला माहीत आहे, म्हणून संघटनांना हात जोडून विनंती आहे की सगळ्यात पुढं शाळेचा पटाचा फळा धरा, त्याच्यावर लिहा इतके वर्ग, इतकी पोरं, इतके मास्तर. रस्त्यावरच्या माणसाला दोन सेकंदात समजेल.

आणि संपादक साहेब, तुम्हालाही एक विनंती आहे. नागपूर जिल्ह्याच्या सगळ्या तालुक्यांत या संचमान्यतेत कोणत्या शाळेचं कोणतं पद गेलं, सहावी ते आठवीला शून्य शिक्षक कुठं झाले, ती यादी तालुक्यानुसार छापा. शिक्षण विभागाकडे ती आहे. रोज एक तालुका छापला तरी चालेल. माझ्याकडून त्या पानाच्या झेरॉक्स ज्या गावाला पाहिजे असतील त्यांना फुकट. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव कसा लिहायचा त्याचा नमुनाही टाईप करून ठेवला आहे, कोणीही येऊन घेऊन जावा. आमच्या गावच्या ठरावाची प्रत, गावाचं नाव झाकून, सोबत जोडली आहे.

आपला,
एक पालक आणि झेरॉक्सवाला
सीताबर्डी, नागपूर